साड्यांच्या कपाटातली पेटी

माझ्या जिभेला हाड नाही, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये मी तीस वर्षं काढली. रस असो, मळी असो, साखर असो, नमुना समोर आला की आधी नाकाजवळ न्यायचा आणि सांगून टाकायचं, चांगला आहे की बिघडलाय. नंतर यंत्रं तेच सांगायची. त्यामुळे झालं काय, की आपलं नाक म्हणजे शेवटचा निकाल असं मला वाटायला लागलं. आणि निकाल लागला की तो चारचौघांत मोठ्यानं सांगायचा, ही दुसरी खोड. या दोन खोडींनी मिळून माझा एकुलता एक भाऊ माझ्यापासून तोडला.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आमचं गाव पारनेरच्या पलीकडे, सगळी शेती पावसाच्या भरवशावर. दोघांपैकी एकानं शिकायचं आणि एकानं कमवायचं असं घरात ठरलं, आणि शिकणारा मी ठरलो. दादा मुंबईला एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत लागला. उभा जन्म त्यानं लोकांच्या पांढऱ्या शर्टांना इस्त्री केली. माझ्या कॉलेजच्या फोटोत मी जो कडक शर्ट घातलाय तो त्यानंच इस्त्री करून, वर्तमानपत्रात गुंडाळून, गाववाल्याच्या हाती धाडला होता. निवृत्त झाल्यावर तो वहिनींना घेऊन गावी परतला. मी इकडे नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, सावेडीत घर बांधून राहिलो.

अजून तो मुंबईला असतानाची गोष्ट. गणपतीला आला तेव्हा पिशवीतून एक लाकडी पेटी काढून माझ्या हातात दिली. आत पंचवीस सिगारी, एकीला एक चिकटून झोपलेल्या. हॉटेलात एक परदेशी साहेब महिनाभर उतरला होता. त्याला दादाच्याच हातची इस्त्री लागायची. जाताना त्यानं दादाला खोलीवर बोलावून ही पेटी दिली, म्हणे.

"मला काय करायची? मी बिडीसुदीक वढत न्हाई," दादा म्हणाला. "तू सायबांत बसतोस. तुला लागंल."

मला केवढा आनंद झाला! म्हटलं, पोरीच्या साखरपुड्याला उघडू. आमच्या मंडळींनी पेटी उचलली आणि घरातल्या सगळ्यात जपणुकीच्या जागी ठेवली, लोखंडी कपाटात, शालू आणि पैठणीच्या मधोमध. चार वर्षं ती तिथंच होती.

साखरपुडा झाला. जेवणं उरकली. व्याही, त्यांचे दोन भाऊ, आमच्या कारखान्याचे साहेब लोक, सगळे मांडवात खुर्च्या टाकून बसले. मी ऐटीत पेटी आणली. क्यूबाचा माल, घ्या, घ्या, करत सोळा जणांना सोळा सिगारी वाटल्या. पेटवल्या. आणि अरे देवा! पहिल्याच झुरक्याला सगळे खोकायला लागले. सिगारी वाळून काटक्या झाल्या होत्या, त्या तडतडा उलत होत्या, आणि चव तर अशी, की औषधाच्या दुकानाला आग लागलीय. व्याही रुमालात थुंकले. आमचे मोठे साहेब हसून म्हणाले, "क्यूबा का काटवन हो?"

माझं तोंड उतरलं. त्या वेळी गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं? पण उचलली जीभ लावली टाळ्याला. सिगार नाकाशी नेली, हुंगली, आणि निकाल दिला. "अहो, डुप्लिकेट माल आहे. आमच्या बंधूंनी मुंबईच्या फुटपाथवरून उचललाय, आणि आम्हाला सांगितलं साहेबानं दिला!"

मोठा हशा पिकला. दादा माझ्या पाठीशीच उभा होता, विड्यांचं तबक घेऊन. त्यानं तबक शेजारच्या खुर्चीवर ठेवलं. वहिनींना हाक मारली. दोघं गेली. लग्नाला आली नाहीत. पोरीच्या लग्नाच्या फोटोत चुलत्याच्या जागी माझा मेव्हणा उभा आहे.

मी समजूत घालायला गेलो का? नाही. मी म्हणालो, मोठ्या भावानं खोटं बोलावं आणि वर रुसावं, हे बरंय! मला त्या वेळी खरंच वाटत होतं की तो खोटं बोलला. नाक सांगत होतं ना.

पंधरा वर्षं आम्ही बोललो नाही. परसालच्या आदल्या वर्षी आमची मंडळी गेली. दहाव्याला दादा आला होता. नदीकाठी सगळ्यांच्या मागं बसला. कावळा शिवेना, तेव्हा पुढं येऊन पिंडाला हात जोडून काहीतरी पुटपुटला, आणि कावळा शिवला. मी त्याच्याकडे पाहिलं तोवर तो चपला घालून रस्त्याला लागला होता. चहालासुद्धा थांबला नाही.

तेव्हापासून घरात मी एकटा. एकटा म्हणजे काय, ते सांगतो. दुपारी दाराची कडी वाजली की मी धावत जातो, आणि बाहेर वारा असतो. दोन कप चहा होईल एवढं दूध अजूनही मी भांड्यात ओततो, मग अर्धं परत. मुलगी पुण्याला. रविवारी तिचा फोन. भांड्याच्या मावशी सकाळी पाऊण तास येतात, तेवढाच माणसाचा आवाज. त्यात एका तापानंतर माझं नाकही गेलं. फोडणी करपली तरी कळत नाही. ज्या नाकावर आयुष्यभर मिरवलो ते आता नुसतं चष्मा टेकवायला उरलंय.

गेल्या दिवाळीत मुलगी आली होती. आईच्या साड्या बघून वाटून टाकू म्हणाली, म्हणून आम्ही ते कपाट उघडलं. शालूच्या घडीखालून तीच पेटी निघाली. सोळा वाटून उरलेल्या नऊ सिगारी आमच्या मंडळींनी परत जिथल्या तिथं ठेवल्या होत्या. मुलीनं झाकण उघडलं, वास घेतला आणि नाक मुरडलं.

"बाबा, याला तर आईच्या साड्यांसारखा डांबरगोळ्यांचा वास येतोय."

मी पेटी तिच्या हातातून घेतली. मला काहीच वास आला नाही. म्हटलं, परत वास घे. तिनं परत घेतला. साडी हुंगली, सिगार हुंगली. "तोच आहे हो. शंभर टक्के."

मी खाटेवर बसलो. कपाटाच्या प्रत्येक खणात कागदाच्या पुड्यांत डांबरगोळ्या होत्या. दरवर्षी दसऱ्याला ही नव्या टाकायची. तंबाखूचं पान म्हणजे टीपकागद, शेजारी जे असेल ते ओढून घेणार. हे मला कळायला नको? केमिस्ट मी! चार वर्षं डांबरगोळ्यांत मुरलेली, नगरच्या उन्हाळ्यात वाळून काटकी झालेली सिगार मी पेटवली आणि खापर दादाच्या डोक्यावर फोडलं. त्या दिवशी मांडवात ही माझ्याजवळ येऊन "अहो, ऐका ना" म्हणाली होती, आणि मी "नंतर" म्हणून हात झटकला होता. तिला तेव्हाच कळलं होतं का? आता विचारू कुणाला.

मुलगी म्हणाली, "बाबा, आजच काकांकडे जा. मी गाडी काढते."

शहाण्या माणसानं गाडीत बसायचं होतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. म्हटलं, थांब. डांबरगोळीनं चव बिघडली, हे खरं. पण माल मुळात अस्सल होता हे कुठं ठरलंय? डुप्लिकेट सिगारीलाही डांबरगोळीचा वास लागतोच की. आधी तपास करू. खात्री झाली की पुराव्यानिशी जाईन आणि पाय धरीन.

मुलीनं गाडीची किल्ली परत खुंटीला अडकवली. भाऊबीज झाल्यावर पुण्याला गेली.

मग मी कामाला लागलो. खरं सांगू? त्या घरात मला काहीतरी काम मिळालं याचाच आनंद मोठा होता. मोबाईलवर माणसं सिगारींवर तास तास बोलतात. मी वही घेऊन बसलो. त्या सगळ्यांचं एक सांगणं सारखं होतं: वाळलेली सिगार घाईनं ओलवायची नाही. आतलं पान आधी फुगतं, वरचं पान पातळ, ते फाटतं. मी अर्थातच ऐकलं नाही. एक सिगार ओल्या फडक्यात रात्रभर गुंडाळली. सकाळी ती पोटापासून उकललेली. उरल्या आठ.

त्यानंतर मात्र शिस्त लावली. पहिले दोन महिने आठही सिगारी स्वयंपाकघरातल्या जाळीच्या कपाटात उघड्या ठेवल्या. डांबरगोळी काय, हवेत आपोआप उडून जाते. दर रविवारी भांड्याच्या मावशींना म्हणायचो, "मावशी, जरा वास घ्या." पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की म्हातारा बिघडला. मग सवय झाली. "गोळ्याच येतायत." पुढच्या रविवारी, "कमी हाय." संक्रांतीनंतर एकदा त्यांनी चांगला खोल श्वास घेतला आणि म्हणाल्या, "सायब, आता गोळ्या न्हाईत. गोठ्याचा वास येतोय. शेन, कडबा आन् थोडा गूळ."

मी टाळीच वाजवली! मुरलेल्या चांगल्या तंबाखूला गोठ्यासारखा वास येतो, हे मी वहीत लाल शाईनं लिहून ठेवलं होतं. मावशी म्हणाल्या, "गोठ्याचा वास आला म्हनून एवढा आनंद?" त्यांना काय सांगणार.

पुढचा महिना सिगारी पाण्याच्या माठाशेजारी, नुसत्या गारव्याला. मग घट्ट झाकणाचा डबा घेतला. एका वाटीत मीठ, त्यावर थोडं पाणी, नुसता चिखल होईल इतकंच. ओल्या मिठाचा चिखल बंद डब्यातली हवा एकाच ओलाव्यावर धरून ठेवतो. लॅबमध्ये ओलावा मोजायचं यंत्र आम्ही यावरच पारखायचो. आज दोन तास डबा बंद, उद्या तीन, परवा चार. सिगारी दर दोन दिवसांनी अर्ध्या फिरवून ठेवायच्या. शनिवारी छोट्या काट्यावर एकेक तोलून वजन लिहायचं. वजन चढत गेलं. बोटानं दाबली की आधी करकरायची, ती हळूहळू दबून परत वर यायला लागली. चैत्रात वजन चढायचं थांबलं. म्हणजे झाल्या.

या महिन्यांत मी त्यांच्याशी बोलत होतो, हे कबूल करतो. सकाळी डबा उघडला की "काय मंडळी, झोप झाली?" म्हणायचो. मंडळी, असं मी फक्त हिलाच म्हणायचो. एक दिवस तोंडातून गेलं आणि तिथंच ओट्याला टेकून रडलो.

मग पारख. पेटीला काचेचं झाकण असलं की खुशाल फेकून द्या म्हणतात. आमची सबंध लाकडाची. डाव्या कडेला हिरवट कागदी मोहोर, रेघा बारीक, कुठं शाई फुटलेली नाही. पेटीच्या बुडाची अक्षरं छापलेली नव्हती, तापल्या लोखंडानं डागलेली होती. बोट फिरवलं की खळगा लागायचा. कागदी पट्ट्या सगळ्या सिगारींवर एका उंचीला, सोनेरी ठिपके उठावाचे. तरीही मन मानेना. पेटी खरी आणि माल खोटा, असंही करतात. तेव्हा ब्लेड घेतलं आणि एक सिगार उभी चिरली. खोट्या सिगारीत आत भुसा असतो, तंबाखूचा चुरा, कधी झाडलोट. हिच्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड पानं, घडी घालून ठेवलेल्या साडीसारखी. मी भिंगातून बघत राहिलो.

शेवटची परीक्षा जाळून. दुपारी गॅलरीत बसून एक पेटवली. चव मला जेमतेम कळली, उरलेली माझ्या मेल्या नाकानं खाल्ली. पण राख बघत होतो. पांढुरकी, घट्ट, दोन पेरं वाढली तरी पडेना. अस्सल. शंका नको. शेजारच्या खुर्चीवर कुणी असतं तर दाखवली असती. ती राख तशीच धरून मी बसून राहिलो, शेवटी ती धोतरावर पडली.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला पेटी पिशवीत घालून पारनेरच्या एसटीत बसलो. चिरलेली सिगार वेगळ्या कागदात घेतली होती. पारनेरहून दुसरी गाडी. वाटेत मनाशी वाक्यं जुळवत होतो. आधी मोहोर दाखवायची, मग डाग, मग पान, आणि मग म्हणायचं, दादा, मी चुकलो. वरातीमागून घोडं का होईना, पण अस्सल घोडं, असं वाटून थोडं हसूही आलं. त्याच्या घरी जेवायला बसायचं, एखादा मुक्काम करायचा, असंसुद्धा ठरवलं. पिशवीत जास्तीचं धोतर घेतलं होतं.

दादा घरापुढं बाजरीचं बी निवडत बसला होता. केस सगळे पांढरे. मला बघून सूप खाली ठेवलं.

"आलास व्हय. बस."

वहिनींनी पाणी आणलं. मी घोट घेतला, पेटी काढली आणि सुरू झालो. मोहोर, डाग, पट्ट्या. डांबरगोळ्यांचं सगळं सांगितलं. चिरलेली सिगार उलगडून त्याच्या पुढं धरली. "बघ दादा, अखंड पान आहे. एक नंबर माल. तू खोटं बोलला नव्हतास. माझंच चुकलं."

दादानं ते पान बोटांत धरून बघितलं. "ह्ये कवापासनं करतोयस तू?"

"दिवाळीपासून."

दाराशी उभ्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, म्हंजी दिवाळीपासनं तुमाला गोळ्यांचं ठावं हुतं?"

"आधी खात्री करावी म्हटलं, वहिनी."

मग दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी कदी म्हनलो हुतो का, ही भारीतली हाय म्हनून? मला त्यातलं काय कळतंय? मी येवढंच म्हनलो, सायबानं दिली. सायबानं कचरा दिला असता, तर मी खोटा का?"

तीस वर्षं लॅब चालवली आणि नमुनाच चुकीचा तपासला होता मी. तंबाखू खरी होती. ती साहेबानं दिली की फुटपाथवरून घेतली, हे पानाला कुठं ठाऊक? त्याला एकच पुरावा होता, दादाचा शब्द, आणि तो पहिल्या दिवसापासून माझ्याकडे होता.

"समज," दादा म्हणाला, "तू ही चिरली आन् आतनं भुसा निघाला. मंग आला असतास?"

मला खोटं बोलता आलं असतं. आलो असतो की रे, एवढंच म्हणायचं होतं, आणि कदाचित त्यानं मला पदरात घेतलं असतं. पण तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"नसतो आलो," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. राग नव्हता. चिरलेली सिगार परत कागदात गुंडाळली, पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि पेटी माझ्याकडे सरकवली. मग उठला आणि शेळ्यांकडे गेला.

वहिनींनी चहा आणला. याआधी त्यांनी मला जेवल्याशिवाय कधी उठू दिलं नव्हतं. आता म्हणाल्या, "घ्या. साडेचारची गाडी हाय, ती चुकली तर मंग न्हाई."

मी चहा घेतला. पिशवी उचलली आणि कुंपणापाशी गेलो. दादा दहा पावलांवर पाठमोरा उभा होता, शेळ्यांच्या घमेल्यात पाणी ओतत.

"दादा," मी हाक मारली.

मग आणखी एकदा, मोठ्यानं. दोन्ही वेळा शेळ्यांनी माना वर केल्या. दादानं रिकामी बादली झटकली आणि दुसरी भरायला घेतली.